पहिल्या मुठीचा मान

मी एक म्हातारी वानरी आहे. रनाळे गावात मारुतीच्या पारावर चिंचेचे मोठे झाड आहे. त्याच्या सर्वांत खालच्या फांदीवर मी बसते. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची असेल तर पायरीवरच बसा, आणखी जवळ येऊ नका. तुमच्यावर माझा राग नाही. पण तुमच्यातल्या एकाने डावा हात पाठीमागे धरला आहे, आणि त्या हातात काय आहे ते मला अजून दिसलेले नाही. दाखवलास? भोवरा. बरे. आता सांगते.

टोळीतल्या तरुण वानरींना माझा कंटाळा येतो. फांदी हलली की मी आधी खाली पाहते, मग वर पाहते, मग खाते. तोवर चांगला पाला दुसऱ्यांनी संपवलेला असतो. पण माझ्या बरोबरीच्या सगळ्या गेल्या आणि मी राहिले, याचा अर्थ तुम्हीच लावा.

माझा जन्म मानमोडीच्या सालातला. त्या वर्षी गावात असा ताप आला होता की तीन दिवसांत धडधाकट माणूस जाई. लोक त्या तापाला मानमोडी म्हणत. हे मला भिकुबाईमुळे कळले. भिकुबाई म्हणजे गिरधर पाटलाची काकी. समोरच्या धाब्याच्या घरात ती एकटी राहते, आणि धाब्यावर लाल मिरच्या वाळत घालताना माझ्याकडे बोट दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ही मानमोडीना सालनी शे. मन्ह्या दोन पोरी गयात, त्याच आठवडामा हाई चिंचवर जनमनी."

तिची बोली मला लहानपणापासून समजते. समजते हे मी तिला कधी समजू दिले नाही.

जन्मतो तेव्हा आमचे अंग काळेभोर आणि तोंड गुलाबी असते. पहिल्याच दिवशी मावश्या, मोठ्या बहिणी, सगळ्या जणी आईच्या हातून मला ओढून घेत. एकीच्या पोटाशी, मग दुसरीच्या. कोणी नीट धरी, कोणी उलटे धरी, एकीने तर मला फांदीवर ठेवून चिंचा खायला सुरुवात केली होती. आई प्रत्येक हाताकडे टक लावून पाहत असे. हात पाहायला मी तिच्याकडूनच शिकले.

टोळीत आम्ही सतरा-अठरा वानरी होतो. आम्ही एकमेकींच्या आया, लेकी, बहिणी, भाच्या. वानरी जन्मली त्या टोळीतच मरते. मोठा नर मात्र एकच, आणि तो बाहेरून आलेला. आमची नर पिल्ले मोठी झाली की टोळी सोडून जातात आणि दुसऱ्या उडाणटप्पू नरांबरोबर शिवारात भटकतात. कुठल्या तरी टोळीत जागा मिळेल म्हणून वाट पाहत राहतात.

कोण कोणाच्या वर, हे आमच्यात रोज भांडून ठरत नाही. भांडणात दात लागतात, जखम चिघळते, आणि एक वानरी कमी झाली तर सगळ्यांचेच नुकसान होते. म्हणून आम्ही पाहतो. एकीने रोखून पाहिले आणि दुसरीने मान वळवली की झाले. जिने मान वळवली तिने उठायचे आणि सावलीची फांदी सोडायची. तुमच्या भाषेत डोके आणि खांद्यांमधल्या भागालाही मान म्हणतात आणि मोठेपणालाही मान म्हणतात. दोन्हींना एकच शब्द कोणी ठेवला ते मला माहीत नाही. पण तो माणूस बराच काळ आमच्या झाडाखाली बसलेला असावा.

पहिले पिल्लू झाले तेव्हा मी वरच्या फांद्यांवर होते. मी रोखून पाहिले की बाकीच्या उठत. आमच्यात तरुण आयांचा मान सर्वांत मोठा असतो, कारण पुढची पिल्ले त्यांचीच व्हायची असतात. वय वाढले की तो आपोआप ओसरतो. कोणी ढकलत नाही. एके दिवशी आपण पाहतो, आणि समोरची उठत नाही. मी तेव्हा एक फांदी खाली उतरले. मग दुसरी. असे करत मी या फांदीवर आले.

इथून पार फार स्पष्ट दिसतो. पारावर तुमची माणसे बसतात, आणि मी पाहते. गिरधर पाटील वरच्या पायरीवर बसतो. गावाचा कोतवाल दोधू खालच्या पायरीवरही बसत नाही, उभा राहतो. पाटील हसला की दोधू हसतो, त्याच्या आधी नाही. नवा माणूस पारावर आला की आधी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहतो आणि मगच कुठे बसायचे ते ठरवतो. दुपारी ओट्यावर बायका एकमेकींच्या डोक्यातल्या उवा पाहतात. कोण कोणाच्या उवा पाहते आणि कोणाच्या मुळीच पाहत नाही, हे मी आठ दिवस बघितले तर त्या गल्लीत कोणाचे कोणाशी पटते ते मी सांगू शकते. आम्हीही तासन्‌तास एकमेकींचे केस चाळतो. तेही नुसत्या उवांसाठी नसते.

एकदा शाळेचे मास्तर पारावर सांगत होते की फार फार पूर्वी, लाखो वर्षांमागे, माणसाचे आणि वानराचे पूर्वज एकच होते, असे विद्वान लोक म्हणतात. मग दोधू म्हणाला, "मास्तर, पाटीलनं माले म्हाईत नही, पन मन्हा आजा बराच केसाळ व्हता."

"तू तं आत्तेच झाडवरथीन उतरेल दिसस," पाटील म्हणाला आणि हसला. मग दोधूही हसला.

मला त्या बोलण्यात नवीन काही वाटले नाही. मी त्यांना रोज पाहत होते.

आता जमादाराची गोष्ट. आमच्या मोठ्या नराला गावाने जमादार असे नाव ठेवले होते. तो अंगाने थोराड होता. शेपटी कमानीसारखी वर धरून चालायचा. दर शनिवारी सकाळी मारुतीला तेल घातले जाई, रुईच्या पानांची माळ पडे, आणि मग पाटील पितळी ताटात भिजवलेले चणे घेऊन पारावर उभा राही. पहिली मूठ देण्याचा मान पाटलाच्या घराण्याचा. आणि पहिली मूठ घेण्याचा मान, असे गावाने ठरवून टाकले होते, जमादाराचा. तो पुढे येई, दात विचकून आम्हाला मागे सारी आणि पाटलाच्या पायापाशी बसून खाई. बायका हात जोडत. "म्होरक्या शे तो," लोक म्हणत. "त्यान्हा मांगे बठ्ठी टोळी चालस."

मित्रांनो, इथे तुमच्या लोकांची चूक झाली. चणे असले की पुढे कोण येतो ते त्यांनी पाहिले. चणे नसले की पुढे कोण जाते, ते पाहायला कोणी शिवारात आले नाही.

जमादार काही निकामी नव्हता. भटके नर जवळ आले की तो झाडावरून हुप्प करून उडी घेई, फांद्या कडाकड हलवी, दात करकरा वाजवी. तेवढ्याने ते पळत. ते त्याचे काम, आणि त्यासाठी त्याने पहिले खाल्ले तरी आमची तक्रार नव्हती. पण एका उन्हाळ्यात ओढा आटला, विहिरींवर माणसांची गर्दी असल्याने आम्हाला तिकडे जाता येईना, तेव्हा पाणी कुठे मिळेल हे त्याला ठाऊक नव्हते. तो परका. मला ठाऊक होते. मळ्यापलीकडे एक पडकी विहीर होती, तिच्या भिंतीतून उंबराची मुळे खाली गेली होती. लहान असताना आईच्या पोटाला धरून मी तिथे उतरले होते. मी उठले आणि चालू लागले. माझ्या मागे माझी धाकटी बहीण, तिच्यामागे लेकी, पिल्ले. सर्वांत शेवटी, शेपटीची कमान करून, जमादार. मान त्याचा होता आणि वाट माझी होती. या दोन गोष्टी निराळ्या असतात. त्या एकाच ठिकाणी सापडल्या तर टोळीचे नशीब चांगले समजावे.

त्या पुढच्या वर्षी आम्ही भुईमुगाचे नुकसान फार केले. ते मी लपवणार नाही. शेंगा उपटायला सोप्या आणि रान त्या साली कोरडे होते. लोक चिडले. शनिवारी आमच्यापुढे हात जोडायचे म्हटल्यावर रविवारी आम्हाला मारता येत नाही, ही त्यांची अडचण. पारावर बैठक बसली. गिरधर पाटील म्हणाला, "मारानं नही. मारुतीना गन शे तो. पन बैलनी म्होरकी धरी का बैल मांगे येस. तसा म्होरक्या धरा, तोरनमाळना पायथाले नेई सोडा. बठ्ठी टोळी त्यान्हा मांगे जाई."

म्होरकी म्हणजे बैलाच्या तोंडावर बांधायची दोरी. पाटलाला शब्द जुळलेले दिसले आणि त्यामुळे विचारही जुळला असे त्याला वाटले.

भिकुबाई धाब्यावर मिरच्या उलथत होती. ती तिथूनच म्हणाली, "गिरधर, तू वैशाखमा पंधरा दिन धुळाले कचेरीमा बठेल व्हता. तवय तुन्ही बायको, पोरं, म्हशी, बठ्ठं तुन्हा मांगे उनं व्हतं का?"

"काकी, मानूसनी गोट येगळी."

"येगळी कशी? घर तुन्हा नावनं शे, पन चूल कोन पेटाडस ते तुले म्हाईत शे. हाई टोळी बायासनी शे. तो गडी पाव्हना शे, पाव्हना!"

दोधूला हसू आले. त्याने पाटलाच्या तोंडाकडे पाहिले आणि हसू मिशीत दाबले. बैठक उठली. ठरले ते ठरलेच.

सुताराने बाभळीच्या फळ्यांचा पिंजरा केला. एका सकाळी तो पारावर आणून ठेवला. आत चणे होते, भरपूर. चण्यांचा वास मला वर आला, आणि त्याच वेळी दुसरा एक वास आला नाही. तेलाचा. मी मारुतीकडे पाहिले. गळ्यात रुईची ताजी माळ नव्हती. शनिवार नसताना चणे कसे? आणि पाटील ताट घेऊन उभा नव्हता, तो देवळाच्या आड होता आणि त्याच्या हातात दोरी होती. मी खाकरले. आमच्यात धोका दिसला की तसे करतात. वानरी थांबल्या. माझी बहीण तर अर्ध्या खोडावरून मागे फिरली.

जमादार थांबला नाही. का थांबेल? पहिले चणे त्याचे, हे त्याला कित्येक शनिवारांनी शिकवले होते. तो खाली उतरला, आम्हाला दात दाखवले आणि पिंजऱ्यात शिरला. दोरी सुटली, दार पडले. पहिल्या मुठीच्या मानानेच त्याला धरले.

बैलगाडीवर पिंजरा चढवला आणि गाडी प्रकाशा गावाच्या वाटेला लागली. तिथे तापी ओलांडून पुढे शहादा, मग तोरणमाळचा पायथा. दोधू रिकामा डबा बडवत झाडाखाली फिरत होता. "चला वं माय, तुम्हना मालक गया! चला!" आम्ही चिंचेवर बसून पाला खात होतो. गाडी दिसेनाशी झाली. दोधू डबा बडवून दमला आणि पायरीवर बसला. पाटील तिथे नव्हता म्हणून बसला.

चार दिवसांनी गाडी परत आली. आम्ही तिथेच होतो. "काय गिरधर," धाब्यावरून आवाज आला, "टोळी तोरनमाळले पोची गयी का?"

गाव हसले. मी हसू शकत नव्हते. रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही, हे मला माहीत होते. आठव्या दिवशी शिवारातून सात भटके नर आले. तीन दिवस त्यांची आपसात मारामारी चालली. चौथ्या दिवशी सहा जण पळाले आणि एक राहिला. त्याचा एक कान अर्धा तुटलेला होता.

आता जे सांगते ते सौम्य करून सांगणार नाही, कारण तुम्ही ऐकण्याइतके मोठे आहात. बाहेरून आलेला नर आधीच्या नराची दूध पिणारी पिल्ले जिवंत ठेवत नाही. पिल्लू दूध पीत असते तोवर आईला दुसरे पिल्लू होत नाही. आणि नराला माहीत नसले तरी त्याच्या अंगाला माहीत असते की त्याचे दिवस मोजके आहेत. उद्या आणखी कोणी येऊन त्यालाही हाकलणार आहे. तो दुष्ट असतो म्हणून हे करत नाही. ज्यांनी असे केले त्यांचीच पिल्ले उरली, आणि तो त्यांच्यातलाच एक. पण त्याचे कारण समजले म्हणून मी आमचे पिल्लू त्याच्या हाती का द्यावे?

टोळीत तेव्हा अंगावर पिणारी तीन पिल्ले होती. त्यातले एक माझ्या लेकीचे होते. दीड महिन्याचे, अजून काळे, मुलगी.

कानतुटक्या पहिले काही दिवस अगदी शांत होता. दूर बसे, दुसरीकडे तोंड करून पाला खाई. तरुण वानरींना तो बरा वाटू लागला. गावालाही वाटू लागला. शनिवारी पाटलाने त्याला पहिली मूठ दिली. "नवा जमादार उना," तो लोकांना म्हणाला. "दखा, कसा रुबाबमा बठना शे." मागची फजिती पुसली गेली असे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी मात्र त्या नराच्या शेपटीचे टोक पाहत होते. तो दुसरीकडे पाहत असे तेव्हाही ते हलत असे, आणि ज्या बाजूला पिल्ले असत त्या बाजूला झुकत असे.

चणे फेकले की आया खाली उतरतात. भुकेल्या असतात, दूध पाजायचे असते. दोन्ही हात चण्यांत गुंततात आणि पोटाला धरलेले पिल्लू मोकळे पडते. दुसऱ्या शनिवारी ते घडले. एक किंकाळी झाली, आणि तिघांतले एक पिल्लू गेले. लोकांना वाटले, जनावरे चण्यांवरून भांडली.

त्या दिवसापासून मी लेकीच्या आणि त्याच्या मध्ये बसू लागले. माझी बहीणही येऊन बसली. ती टोळीत सर्वांच्या खाली होती. तिने पाहिले तर कोणी उठत नसे, आणि दुसऱ्या कोणी नुसते वळून पाहिले तरी ती उठे. कानतुटक्याने आम्हा दोघींकडे रोखून पाहिले. मित्रांनो, तेव्हा मान वळवायची आमची रीत. तो नर, तो थोराड, आणि आम्ही शेवटच्या फांदीच्या. माझी मान वळायला लागली होती, हे मी कबूल करते. बहिणीची वळली नाही. म्हणून मग माझीही थांबली.

तिसऱ्या शनिवारी पाटलाने मूठ उघडली आणि त्याच क्षणी कानतुटक्याने झेप घेतली. लेक चण्यांपासून दोन हात लांब होती. त्याने पिल्लाची शेपटी धरली. बहीण त्याच्या तोंडावर आदळली, मी पाठीवर. पिल्लू सुटले. लेक ते घेऊन धाब्यावर चढली. तो तिच्या मागे, आम्ही त्याच्या मागे. धाब्यावर भिकुबाई होती. "सोड रे मुडद्या!" ती ओरडली आणि तिने मिरच्यांनी भरलेले सूप त्याच्या डोळ्यांवर उपडे केले. तो खोकत, तोंड घासत खाली उतरला. माझ्या उजव्या हाताची दोन बोटे त्या दिवशी गेली. बहिणीच्या मांडीत खोल दात लागले होते. आठ दिवसांनी ती जखमेने मेली. शेवटच्या फांदीवरची तिची जागा तेव्हापासून माझी आहे.

भिकुबाई धाब्यावरून उतरली. पारावर सगळा गाव होता, आणि ती डोक्यावरचा पदर सावरत सरळ पाटलासमोर येऊन उभी राहिली.

"गिरधर, ते ताट ठेव."

"काकी, जनावरना झगडा शे. आपन काय करानं?"

"आपनच करं! जुना नेला कोनी? तू. नव्याले पह्यली मूठ दिधी कोनी? तू. तू मूठ उघाडस तवय बठ्ठ्या माया खाले येतस, आनि तो तोच वख्त दखस. मी तीन शनिवार दखी ऱ्हायनू."

"बापजाद्यासपाईन आम्हना मान शे तो, काकी. गाव काय म्हनी?"

"मान ऱ्हाऊ दे ना. मान काय दोन दिन झाका तं सुकी जास? ते पिल्लू दूधवर शे. त्यानं दूध सुटापावत मूठ झाकी ठेव."

पाटलाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. प्रत्येक जण दुसरीकडे पाहत होता. हे मी हजार वेळा पाहिलेले आहे. कोणाची मान आधी वळते याची टोळी वाट पाहत असते. तेवढ्यात मागून दोधू बारीक आवाजात म्हणाला, "चने वाया जानार नहीत आबा. मी शे ना."

या वेळी दोधू आधी हसला आणि पाटील नंतर हसला. मग पाटलाने ताट मारुतीच्या पायाशी ठेवले आणि मान खाली घालून तो घरी गेला. त्याच्या मनात दया होती की पिंजऱ्याची लाज होती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. पुढच्या शनिवारी काय करतो ते पाहायचे ठरवले.

पुढच्या शनिवारी दुसरेच कोणी आले. गावात प्रेमचंद नावाचा मोठा बागायतदार होता, त्याचे घराणे गुजरातेतून येऊन तापीकाठी बसलेले. तो चण्याची पाटी घेऊन पारावर चढला. पाटलाने मूठ सोडली, म्हणजे जागा रिकामी झाली, असे त्याला वाटले. मला कानतुटक्याचा पहिला दिवस आठवला.

गिरधर पाटील वरच्या पायरीवर नव्हता. तो सर्वांत खालच्या पायरीवर, वाट अडवून, उकिडवा बसला होता.

"पाटील, तुम्ही मान सोडी दिधा," प्रेमचंद म्हणाला. "आते मी देस. मारुतीना गन उपाशी कसाले ठेवता?"

"मान सोडेल नही, भो. मूठ झाकी शे. पिल्लू दूधवर शे तवलोंग कोनीच उघाडानी नही."

"आनि मी उघाडी तं?"

"मंग मन्हा आंगवरथीन जा."

प्रेमचंदाने लोकांकडे पाहिले. लोकांनी पाटलाकडे पाहिले. पाटी तशीच परत गेली. कानतुटक्या पारावर थोडा वेळ वाट पाहून कंटाळला आणि पाल्याला लागला. आम्ही सगळ्या पांगून, ज्या त्या फांदीवर, हात मोकळे ठेवून खात होतो. ज्या क्षणाची तो वाट पाहत होता तो क्षण त्या शनिवारी आला नाही.

पाटील त्यानंतर होळीपर्यंत दर शनिवारी सकाळी त्या खालच्या पायरीवर बसला. लोक त्याला "वांदरासना चौकीदार" म्हणत, तोंडावर म्हणत. तो ऐकून घेई. मी पाने चावत त्याच्याकडे पाहत असे, आणि संशय घ्यायला जागा शोधत असे. एकदा त्याने मुठीत काही तरी धरलेले दिसले, मी खाकरले. तंबाखू होती.

कानतुटक्याने आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा मी होते, एकदा माझी मोठी भाची आणि दोन तरुण वानरी होत्या. त्यांनी मला पाहिले होते ना. दुसरे पिल्लूही वाचले. होळीच्या सुमाराला माझ्या नातीचे दूध सुटले, अंग तर केव्हाच करडे झाले होते. त्यानंतर त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुढे त्याला स्वतःची पिल्ले झाली आणि त्यांच्यासाठी तो जिवावर उदार होऊन लढला. तो चांगला की वाईट, हे मला विचारू नका. त्याच्या शेपटीचे टोक कुठे झुकते एवढेच मी पाहते.

शनिवारचे चणे आता पुन्हा मिळतात, पण मारुतीच्या पायाशी पसरून ठेवतात आणि माणसे बाजूला होतात. पहिली मूठ कोणाच्याच हातात पडत नाही.

मित्रांनो, तुमच्या आणि आमच्या अंगात ही वर-खालची रीत फार जुनी आहे. ती तुम्ही मोडू शकणार नाही, आणि मोडा असे मी म्हणत नाही. पण जो पुढे येऊन हात पसरतो त्यालाच म्होरक्या समजू नका. वाळलेल्या दिवसांत पाणी कोणी दाखवले ते विचारा. झेप आली तेव्हा मध्ये कोण बसले होते ते विचारा. आम्हाला वाढायचे असेल तर हातातून वाढू नका. ओढ्याकाठचे उंबर आणि ही चिंच तेवढी तोडू नका, आमचे आम्ही खाऊ. आणि आमच्यातल्या कोणालाही उचलून न्यायच्या आधी, तो गेल्यावर कोणाचे काय होईल हे एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारून घ्या.

आज सकाळी माझी तीच नात वरून उतरली. तिच्या पोटाशी तिचे पहिले पिल्लू आहे, काळेभोर. माझ्या फांदीवर तेव्हा ऊन चांगले आले होते. ती समोर उभी राहिली आणि तिने माझ्याकडे रोखून पाहिले. मी मान वळवली, उठले आणि तिला जागा दिली. तिला काही आठवत नाही. आठवायचे कारणही नाही. ती उन्हात बसून पिल्लाला पाजत राहिली, आणि मी खोडाला टेकून, दोघांकडे पाठ करून, वाटेकडे पाहत बसले.